तेल उसनं मिळत नाही

आजचा शास्त्रभाग: मत्तय 25:1-13
सोबत वाचा: लूक 13:1-9, गलतीकरांस पत्र 6:1-5, याकोब 1:22-25



दहा कुमारींचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. नाटिकाही केल्यात. आमच्या मंडळीत एका वर्षी पाच शहाण्या कमी पडल्या, मूर्ख व्हायला मात्र सगळ्या तयार होत्या, कारण त्यांना संवाद जास्त होते! ओळखीच्या दाखल्यांचं असंच होतं. शेवट आधीच माहीत असतो, म्हणून तो आपल्याशी बोलतोय हे लक्षातच येत नाही. माझ्याशी तो पहिल्यांदा बोलला त्या दिवसाबद्दल आज लिहितोय. त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून हे लिहिणं मी बरेच दिवस टाळलं.

घडी घातलेला कागद

मी भिवंडीत कल्याण नाक्याजवळ वाढलो. आमची इमारत तळमजला अधिक तीन. पप्पांनी वीस वर्षं यंत्रमागावर काम केलं, मी मानकोलीला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो. 2020 चा जून आठवतो ना? माग बंद, गावाला गेलेले कामगार अजून परतलेले नाहीत, रस्त्यांवर शुकशुकाट. त्या महिन्यात आमच्या जिन्यात महापालिकेची नोटीस आली. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, तेच त्यात होतं. इमारतीतली सगळी म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तू बघ." मी म्हणालो, "बघतो." कागदाची घडी घातली आणि हातात बायबल होतं म्हणून त्याच्या चेनच्या कव्हरमध्ये ठेवली.

बघितलं मात्र नाही. आधी लॉकडाऊनचं कारण होतं. मग गोडाऊन सुरू झालं, ऑनलाइनच्या ऑर्डरी वाढल्या, रात्री दहाला घरी. इंजिनिअरची फी प्रत्येक घरातून गोळा करायची म्हणजे डोक्याला ताप. मग पाऊस आला. मी मनाशी म्हटलं, पाऊस संपला की करू.

21 सप्टेंबर, सोमवार. पहाटे पावणेचारच्या सुमारास धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. तीही तळमजला अधिक तीन. माणसं झोपेत होती. आमच्याकडे फोन यायला लागले तेव्हा उजाडलंही नव्हतं. पुढचे काही दिवस एनडीआरएफचे जवान ढिगाऱ्यातून माणसं काढत होते. काही जिवंत निघाली. जवळपास चाळीस जण गेले आणि त्यात लहान मुलं किती होती, ते आजही लिहवत नाही.

त्या सकाळी काय करावं सुचेना, म्हणून मी बायबल उघडायला घेतलं. चेन ओढली आणि ती नोटीस मांडीवर पडली.

मी वाचायला बसलो होतो देवाचं वचन, पण आधी वाचला तो कागद. तीन महिने तो रोज माझ्या हातात होता. झूमवरच्या उपासनेला, युथ मीटिंगला, प्रत्येक वेळी. कागद हरवला नव्हता. मजकूर मला पाठ होता. फक्त त्याप्रमाणे मी काहीच केलं नव्हतं.

शिलोहाचा बुरूज

दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड सुरू झाले. ही देवाची शिक्षा आहे, ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, वगैरे. एक तर आमच्याच ग्रुपवर आला. मला राग आला आणि लाजही वाटली.

लूकच्या 13 व्या अध्यायात येशूसमोर हाच प्रश्न आला होता. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. लोकांच्या मनात होतं की मेलेले जास्त पापी असणार. येशूने ते तिथल्या तिथे नाकारलं. ती माणसं इतरांपेक्षा दोषी नव्हती. पण तो एवढ्यावर थांबला नाही. त्याने बोट मेलेल्यांवरून काढलं आणि ऐकणाऱ्यांकडे वळवलं: तुम्ही जिवंत आहात, तर पश्चात्ताप कधी करणार?

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरावर कोसळलेल्या संकटाचा अर्थ लावत बसणं हे आपलं काम नाही. त्यांच्यासाठी रडणं, मदतीला जाणं आणि मग स्वतःच्या खिशातला कागद बाहेर काढणं, हे आपलं काम आहे.

त्याच अध्यायात पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो अजून एक वर्ष द्या, मी आळं करतो, खत घालतो. ते एक वर्ष म्हणजे कृपा. जून ते सप्टेंबर हे माझे तीन महिने पण कृपाच होती. मी तिला "काही होत नाही" असं नाव दिलं होतं. 2 पेत्र 3:9 हेच सांगतं: प्रभूला उशीर होतोय असं आपल्याला वाटतं, पण ती त्याची सहनशीलता आहे. वेळ मिळाला म्हणजे सूट मिळाली असं नव्हे.

त्या संध्याकाळी मी नोटीस घेऊन घरोघरी गेलो. तळमजल्यावरचे चाचा चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले. मग एवढंच म्हणाले, "तारीख तो जून की है, बेटा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

इंजिनिअर आला. मागच्या बाजूचे दोन खांब आणि वरच्या मजल्याची गॅलरी खराब निघाली. लोखंडी टेकू लागले, दुरुस्ती होईपर्यंत वरची दोन कुटुंबं नातेवाइकांकडे राहिली. आमच्या इमारतीत कुणाला काही झालं नाही. याचं श्रेय माझं नाही.

दहाही जणी झोपल्या होत्या

आता दाखल्याकडे वळू. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी पेंगल्या आणि झोपल्या. शहाण्यासुद्धा! म्हणजे थकणं हा त्यांचा दोष नव्हता. ट्रेनने ठाण्याला जाऊन-येऊन, नाइट शिफ्ट करून तुम्ही प्रार्थनेत डुलकी घेता म्हणून देव तुम्हाला मूर्खांत मोजत नाही.

दहा जणींकडे दिवे होते. दहा जणी वराची वाट बघत होत्या. दहा जणींना लग्नाचं आमंत्रण होतं. बाहेरून बघणाऱ्याला मध्यरात्रीपर्यंत काहीच फरक दिसला नसता. फरक झोपण्याआधीच पडला होता. पाच जणींनी जास्तीचं तेल सोबत घेतलं होतं, पाच जणींनी नव्हतं. मध्यरात्रीची हाक फक्त आधीपासून असलेला फरक उघड करते, तो निर्माण करत नाही.

मग मूर्ख कुमारी तेल मागतात आणि शहाण्या नाही म्हणतात. लहानपणी मला त्या शहाण्या जरा स्वार्थीच वाटायच्या. थोडंसं दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण प्रश्न त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा नाही. काही गोष्टी देताच येत नाहीत. मी तुमच्यासाठी प्रार्थना करू शकतो, पण तुमच्या वतीने पश्चात्ताप करू शकत नाही. तुमची आई तुमच्यासाठी उपास करू शकते, पण तुमच्या जागी देवाची आज्ञा पाळू शकत नाही. यहेज्केलच्या 14 व्या अध्यायात देव नोहा, दानीएल आणि ईयोब अशी तीन दिग्गज नावं घेतो आणि सांगतो की हे तिघं त्या देशात असते तरी आपल्या नीतिमत्त्वाने फक्त स्वतःलाच वाचवू शकले असते, मुलाबाळांनाही नाही.

दोन प्रकारची ओझी

इथे कुणी विचारेल, मग एकमेकांची ओझी वाहा असं पौल का सांगतो? चांगला प्रश्न आहे. गलती 6:2 मध्ये तो तसं सांगतो आणि तीनच वचनं पुढे, 6:5 मध्ये, प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे असंही सांगतो. चूक झाली का? नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला "बारोस", म्हणजे चिरडून टाकणारं वजन. दुसरा "फोर्तिओन", म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाट्याचा माल. प्रेषितांची कृत्ये 27:10 मध्ये हाच शब्द जहाजावरच्या मालासाठी आलाय.

गोडाऊनमध्ये मला हे रोज दिसतं. मोठी क्रेट आली की चार जण धरतात, एकाने उचलायला जाऊ नये. पण प्रत्येकाच्या हातातल्या स्कॅनरवर ज्याची-त्याची एंट्री असते. माझी एंट्री दुसऱ्याने मारली तर रात्री हिशोब लागत नाही. आजारपण, कर्ज, शोक, नोकरी जाणं हे बारोस आहे. तिथे मंडळीने धावलंच पाहिजे. माझी प्रार्थना, माझा प्रामाणिकपणा, मी दिलेला शब्द आणि जिन्यातली ती नोटीस हा माझा फोर्तिओन होता.

आणि यात एक सुंदर गोष्ट आहे. मत्तय 11:30 मध्ये येशू आपलं ओझं हलकं आहे असं सांगतो, तेव्हा तिथेही शब्द फोर्तिओनच आहे. आपल्या वाट्याचा भार तो आपल्याला पाठ मोडायला देत नाही.

आईचा हॉटस्पॉट

माझी आई पहाटे साडेचारला उठून प्रार्थना करते. मला आठवतं तेव्हापासून. परीक्षा असो, इंटरव्ह्यू असो, मी निघताना फक्त म्हणायचो, "आई, प्रार्थना कर हं." मी मात्र मंडळीत गिटार वाजवायचो, युथ मीटिंगमध्ये गाणी घ्यायचो, स्टेटसला वचन ठेवायचो.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आईला अ‍ॅडमिट करावं लागलं. ऑक्सिजनवर होती. आत सोडत नव्हते. एका रात्री तिने फोन केला. धाप लागत होती. म्हणाली, "आज तू प्रार्थना कर, मी ऐकते." मी सुरुवात केली आणि तीन वाक्यांत माझे शब्द संपले. नेहमीच्या गाण्यांमधल्या ओळी आठवत होत्या, पण देवाशी बोलायची माझी स्वतःची सवयच नव्हती. फोनवर फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यभर मी आईच्या हॉटस्पॉटवर चाललो होतो. रेंज फुल दिसायची, पण डेटा तिचा होता.

आई बरी होऊन घरी आली, देवाची स्तुती असो. मी माफी मागितली तेव्हा ती रागावली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्या प्रार्थनेवर तू किती दिवस काढणार?"

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासातही हे दिसतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. लहान दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, खूप सोसलं. पुढे टिळकांकडे परतल्यावरही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतः झगडल्या आणि स्वतःच्या खात्रीने बाप्तिस्मा घेतला. नवरा एवढा मोठा कवी आणि भक्त, तरी त्याचा विश्वास त्यांनी उसना घेतला नाही. म्हणूनच "स्मृतिचित्रे" वाचताना तो विश्वास खराखुरा वाटतो.

पंडिता रमाबाईंचं तर आणखी वेगळं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परत येऊन 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी झटल्या. आणि तरीही आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. एवढं मोठं काम हातात असताना हे कबूल करायला धैर्य लागतं. दिवा हातात होता, तो सुंदरही होता, पण आत तेल आहे का हे त्यांनी स्वतः वाकून बघितलं. मध्यरात्रीच्या हाकेची वाट बघत बसल्या नाहीत.

माग थांबत नाही

पप्पांनी एकदा मला मागाबद्दल एक गोष्ट सांगितली होती. जुन्या साध्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. पण उभा धागा तुटला तर बऱ्याच मागांवर तो थांबत नाही. धोटा ये-जा करत राहतो, आवाज तोच, कापड विणलं जातच राहतं. फक्त एक बारीक रेघ कापडात उतरत जाते. कारागिराचं लक्ष असेल तर तो माग थांबवून लगेच गाठ मारतो. लक्ष नसेल तर ताका उलगडल्यावर कळतं की मीटरच्या मीटर खराब झालंय. "आवाजावर विश्वास ठेवायचा नाही," पप्पा म्हणायचे, "डोळ्याने बघायचं."

प्रार्थना तुटली म्हणून आपला पगार थांबत नाही. कुणाशी खोटं बोललो म्हणून मंडळीतलं गाणं बेसूर होत नाही. माग चालू राहतो. म्हणून आत्मिक तयारी म्हणजे येशू कोणत्या साली येणार याचे व्हिडिओ बघत बसणं नव्हे. तो दिवस आणि ती घटका कुणालाच माहीत नाही, हे त्यानेच सांगितलंय (मत्तय 24:36). तयारी म्हणजे आज तुटलेल्या धाग्याला आजच गाठ. दहा कुमारींच्या पाठोपाठ त्याच अध्यायात काय आहे बघा: दिलेल्या तालांताचं काय केलं, आणि भुकेल्याला, तहानलेल्याला, परक्याला तुम्ही काय दिलं. वाट बघणारा माणूस नुसता आकाशाकडे बघत नाही. तो हातातलं काम करत असतो.

आणि मित्रांनो, हे भीतीपोटी करायचं नाही. दार बंद झालं हा दाखल्याचा शेवट गंभीर आहे, तो मी पातळ करणार नाही. पण ते दार लग्नघराचं आहे, हे विसरू नका. जो येतोय तो छापा टाकायला येत नाही, वर म्हणून येतोय. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी दिवा लावून ठेवणं ही शिक्षा वाटत नाही.

आज करण्यासारखं

1. माझ्या बायबलच्या कव्हरमध्ये कोणता कागद घडी घालून ठेवलाय? म्हणजे, देवाने स्पष्ट सांगितलेली कोणती गोष्ट मी "बघतो" म्हणून पुढे ढकलली आहे? ती एका ओळीत लिहा. आज संध्याकाळच्या आत पहिलं पाऊल टाका. एक फोन, एक माफी, एक परतफेड.

2. माझा विश्वास कुणाच्या हॉटस्पॉटवर चाललाय? आई, पाळक, युट्यूबवरचे प्रचारक? त्यांच्याबद्दल देवाचे आभार माना. मग मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं स्वतःच्या शब्दांत देवाशी बोला. तीन वाक्यांत शब्द संपले तर संपू द्या. मीही तिथूनच सुरुवात केली. आजही काही सकाळी पाचव्या वाक्याच्या पुढे जात नाही.

3. माझ्या जबाबदारीवर दुसरं कोण झोपलंय? घरात, इमारतीत, कामाच्या जागी माझ्या एका "बघतो"वर कोण विसंबून आहे?

ती नोटीस मी फेकली नाही. काम पूर्ण झालं तेव्हा चाचांना दाखवायला नेली. त्यांनी पेन मागितलं आणि मागच्या बाजूला दुरुस्ती संपल्याची तारीख घातली. आजही ती त्याच कव्हरमध्ये आहे. पुढे जूनची तारीख, मागे चाचांच्या हातची. बायबल उघडताना दोन्ही बघतो.

प्रार्थना

प्रेमळ स्वर्गीय पित्या, तू दिलेल्या वेळेबद्दल मी तुझे आभार मानतो. तुझ्या सहनशीलतेला मी सवलत समजलो, मला क्षमा कर. जे मी ऐकलं आणि घडी घालून ठेवलं, ते आज उघडायला मला धैर्य दे. दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडात चालण्याची माझी सवय मोड आणि तुझ्या पवित्र आत्म्याने माझा दिवा भर. पटेल कंपाउंडमध्ये ज्यांनी आपली माणसं गमावली, त्या घरांना तुझं सांत्वन दे. आणि जे माझ्यावर विसंबून झोपले आहेत, त्यांच्यासाठी मला जागं ठेव. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.